जावक क्रमांक 14

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज सकाळी इथे बडोद्यात रावपुऱ्याच्या पोस्टात जाऊन कादंबरी पाठवून आले. घरी येऊन चहाच्या आधी नोंदवही उघडली आणि लिहिलं: जावक क्रमांक 14, पूर्ण हस्तलिखित, सोबत एक पानी सारांश. पूर्वी आपण रजिस्टरनं पाठवायचो आणि गुलाबी पोचपावतीची वाट पाहायचो. 2025मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकलंय, तेव्हा ‘कसे पाठवले’ या रकान्यात पहिल्यांदाच ‘स्पीड पोस्ट’ लिहिलं. रकाने तुम्ही आखलेलेच आहेत. शेवटचा ‘पुढची तारीख’ हा रकाना सगळ्यात रुंद आहे. तो तसा का, हे विचारायचं राहून गेलं होतं, पण आता मला ते कळलंय.

हे पत्र नुसतं तुमच्या नाशिकच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. उघड लिहिते आहे, कारण आपल्या दांडिया बाजारात, शियाबागेत, बाबाजीपुऱ्यात, कपाटातल्या साड्यांखाली वह्या ठेवलेली माझ्यासारखी माणसं आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही. मला तुम्ही विचारलंत. तुमच्या लेकीनं हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि चुका काढायला मधे थांबलात तरी चालेल.

फेब्रुवारी 2018मध्ये बडोद्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. मी बँकेतून अर्धी रजा काढून ग्रंथप्रदर्शनात गेले होते, काखेत फाइल होती. एका गाळ्यावर धीर करून म्हणाले, ‘कादंबरी लिहिलीय, पाहाल का?’ त्या गृहस्थांनी फाइलकडे न पाहता सांगितलं की नव्या माणसाची कादंबरी सध्या कुणीच घेत नाही. मी मागे वळले तेव्हा तुम्ही शेजारी पुस्तक चाळत उभे होता. तुम्ही म्हणालात, ‘किती पानं? हाताची की टाइप केलेली?’ मी म्हटलं, 212, हाताची. ‘समास सोडलाय का?’ समास सोडलेला नव्हता. ‘मग मी खुणा कुठे करणार?’ एवढं बोलून तुम्ही घराचा पत्ता दिलात. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलेला माणूस आपल्या पानांच्या समासाबद्दल बोलतोय, म्हणजे ती पानं वाचणार आहे, हे घरी जाताना रिक्षात माझ्या लक्षात आलं आणि मला रडू आलं. दोन वर्षं लिहीत होते, पण त्या दिवसापर्यंत कुणी एक पानसुद्धा मागितलं नव्हतं.

तुम्ही वाचलंत ते पट्टी ठेवून. ओळीखाली लाकडी पट्टी, एक ओळ झाली की ती खाली सरकायची. छापखान्यात शिशाचे खिळे म्हणजे टाइप जुळवायच्या काळातली सवय, म्हणायचात. तीन आठवड्यांनी फाइल परत मिळाली तेव्हा दर पानावर लाल खुणा होत्या. मी ‘आणी’ लिहायची, तुम्ही प्रत्येक ‘आणी’ ऱ्हस्व केला होता. कवी दीर्घ आणि कविराज ऱ्हस्व, गुरू दीर्घ आणि गुरुकुल ऱ्हस्व, हे मला वयाच्या 44व्या वर्षी तुमच्या ओट्यावर बसून समजलं. माझं शिक्षण गुजराती माध्यमातलं, मराठी घरची. 1962चे 14 आणि 1972चे आणखी 4 असे शुद्धलेखनाचे 18 नियम तुम्ही एका कागदावर लिहून दिलेत, तो कागद अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

पण ज्या शब्दांना मी सगळ्यात जास्त घाबरत होते, त्यांना तुम्ही लाल शाई लावलीच नव्हती. माझ्या कादंबरीतली माई दांडिया बाजारातल्या वाड्यात विद्यापीठाच्या मुलांसाठी खाणावळ चालवते. ती ‘ओटला’ म्हणते, ‘हिंचका’ म्हणते, भाजीला ‘शाक’ म्हणते. माझी आजी असंच बोलायची. पहिला नकार आला त्यात लिहिलं होतं की भाषा प्रमाण मराठीला धरून नाही. मी त्याच रात्री बसून सगळे ओटले ओटे केले, हिंचक्याचा झोपाळा केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती पानं पाहिलीत आणि तुम्हाला मी पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. ‘पात्राच्या तोंडची मराठी तिच्या घरची. निवेदनातली तुझी. माझं काम फक्त ऱ्हस्व-दीर्घ.’ मग म्हणालात की शंभरहून जास्त वर्षं गुजरातीच्या शेजारी राहिलेली मराठी अशीच बोलणार, आणि ती कागदावर आली नाही तर आपल्यामागे ती कुणाला ऐकूही येणार नाही. मी पुन्हा सगळे ओटले जागेवर ठेवले. काका, त्या दिवशी तुम्ही माझी आजी मला परत दिलीत. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही.

नोंदवही त्यानंतरची. पहिला नकार आल्यावर महिनाभर मी काही पाठवलंच नाही. तुम्ही समजूत घातली नाहीत. कचेरीत असते तशी लांब वही आणलीत, रकाने आखलेत आणि पहिली नोंद स्वतःच्या अक्षरात केलीत: जावक क्रमांक 1, साभार परत. ‘साभार परत’ हे दोन शब्द तोवर मला थप्पड वाटायचे. वहीत ते एका रकान्यात बसले, तारखेशेजारी. शेजारचा ‘पुढची तारीख’ हा रकाना रिकामा होता आणि तो भरल्याशिवाय वही मिटायची नाही, असा तुमचा दंडक.

बाकीचे दंडकही इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. एका वेळी एकाच प्रकाशकाकडे पाठवायचं. परत हवं असेल तर पुरेशी तिकिटं लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा सोबत जोडायचा. चार महिने वाट पाहायची, मग एक पोस्टकार्ड टाकायचं, त्यात तक्रारीचा सूर नको. आणि त्या चार महिन्यांत नवं लिहायला बसायचं, कारण हात रिकामे असले की मन पोस्टमनच्या पायाशी अडकतं.

प्रकाशक कसा निवडायचा हे शिकायला तुम्ही मला मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेलंत. मी लहानपणापासून त्या इमारतीसमोरून जात होते, पण ती कुणासाठी बांधलीय असा विचार कधी केला नव्हता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून 1910मध्ये राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, राजवाड्यातली आपली सुमारे 20 हजार पुस्तकं दिली, पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत फिरवली, हे सगळं तुम्ही वाटेत सांगितलंत. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेच्या लाद्या आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. मग मराठी कादंबऱ्या काढून माझ्यापुढे ठेवल्यात आणि म्हणालात, ‘गोष्ट वाचू नकोस. मुखपृष्ठामागचं पान वाच.’ कुणी छापली, कुठे, पहिली आवृत्ती कधी, त्याच लेखकाचं त्यांनी आधी काय काढलं. तीन शनिवार मी तेच केलं. खेड्यातल्या, वाड्यांतल्या, बायकांच्या कामाच्या गोष्टी कोण काढतं आणि कोण कधीच काढत नाही, याची यादी तयार झाली. तोवर मी ऐकीव नावांवर लिफाफे पाठवत होते.

आता क्रमांक 5. तो परत आला तेव्हा आतलं पाकीट उघडलेलंही नव्हतं, मी लावलेली चिकटपट्टी तशीच होती. त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं की मी थांबते. तुम्ही जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगितलीत. 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत असताना त्यांनी त्यातले भाग पुण्यामुंबईत, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्यालाही आले. तेव्हा वीस वर्षांच्या सयाजीरावांनी वेळ काढून ते ऐकलं. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात दोन प्रकरणं आली आणि पुढची संपादकांनी छापली नाहीत. मी वाट पाहत होते की आता तुम्ही म्हणाल, फुल्यांना नाकारलं तिथे तुझं काय. तसं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि म्हणाला असतात तर मला ते पटलंही नसतं. तुम्ही म्हणालात, ‘छापायच्या आधी त्यांनी ऐकवलं. तू कुणाला ऐकवलंयस?’

म्हणून त्या उन्हाळ्यात, रात्री जेवणं झाल्यावर, तुमच्या ओट्यावर दर गुरुवारी एक प्रकरण. तुम्ही, तुमच्या शेजारच्या दोघी काकू आणि खाली राहणारी विद्यापीठातली एक मुलगी. पाचव्या प्रकरणात माई वीस डब्यांसाठी एक किलो तांदूळ धुते. शेजारच्या काकूंनी तिथेच थांबवलं. ‘एक किलोत वीस पोरं? दोन किलो तरी घाल, नाहीतर उपाशी मरतील.’ सगळे माईच्या बाजूनं बोलायला लागले, तिला किती धान्य लागत असेल, उधारी कुणाकडे असेल, मुलं पैसे बुडवत असतील का. माझं हस्तलिखित बाजूला पडलं होतं आणि माई त्या ओट्यावर बसली होती. तांदळाचा तो आकडा मी बदलला, आणि त्या उधारीच्या बोलण्यातून सातवं प्रकरण संपूर्ण नवं झालं. पाच लिफाफ्यांनी मला जे सांगितलं नाही ते चार माणसांनी आठ गुरुवारांत सांगितलं.

मग करोना आला. दोन वर्षं वहीत एकच नोंद आहे, तिच्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

दोन ठिकाणांहून होकार आले, पण ते पैशाचे होकार होते. एकानं 300 प्रतींसाठी 65 हजार मागितले. मी मुदत ठेव मोडायला निघाले होते. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला ‘पुस्तक तयार आहे’ हे वाक्य किती गोड लागतं ते मी तेव्हा अनुभवलं. तुम्ही स्वखर्चाच्या विरोधात नव्हता, चांगल्या चांगल्यांनी स्वखर्चानं पुस्तकं काढलीत असंच म्हणालात. फक्त चार प्रश्न लिहून दिलेत: प्रती कुणाकडे राहणार, विक्री कोण करणार, हक्क कुणाचे, आणि हे सगळं करारात लिहून देणार का. मी ते जसेच्या तसे पाठवले. उत्तर आलंच नाही. मुदत ठेव वाचली, आणि तिच्यातूनच लेकाची फी भरली. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते, हेही त्याच दिवशी तुमच्याकडूनच कळलं.

क्रमांक 11 तुम्हाला पाठ असेल. माईच्या खाणावळीतल्या एका मुलाची कथा वेगळी काढून दिवाळी अंकासाठी पाठवायची कल्पना तुमची. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठव, गणपतीत पाठवलेलं कुणी वाचत नाही, हेही तुमचंच. ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909चा आणि बडोद्याला पहिल्यांदा साहित्य संमेलन भरलं तेही 1909लाच, म्हणून हे जमणार, असं तुम्ही हसत म्हणाला होता. जमलं. संपादकांचं पत्र आलं, कथा घेतो, ‘ओटला’ आणि ‘हिंचका’ बदलू का? मी फोन करून म्हटलं, राहू दिलेत तर बरं. ते म्हणाले, राहू द्या. इतकंच बोलणं झालं. अंक हातात आला तेव्हा तुम्ही नाशिकला गेला होता. मी तुमच्या बंद दारासमोर उभी राहून तो उघडला, कारण दुसरीकडे कुठे उघडावा हे मला सुचेना. शेजारच्या काकूंनी आतून पाहिलं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘वाच.’ मी तिथेच, ओट्यावर बसून, वाचली.

कादंबरी अजून छापलेली नाही. तेरा नोंदींमध्ये पाच साभार परत, पाच निरुत्तर, दोन पैशाच्या, एक स्वीकृत. लोक विचारतात, एवढ्या वर्षांत कंटाळा नाही आला? येतो. रविवारी दुपारी फार येतो. पण सोमवारी वही उघडली की ‘पुढची तारीख’ लिहायची असते, आणि तारीख लिहिताना माणूस पुढचाच विचार करतो. दुसरी कादंबरी 90 पानांवर आहे. समास दोन्ही बाजूंना सोडलाय.

तुमची पट्टी माझ्याकडे राहिली आहे. परत मागू नका, मी ती रोज वापरते.

एक विचारायचं होतं. पाठवायच्या आधी शेवटचं वाचताना दिसलं की तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, माई दार लावते त्या परिच्छेदात, ‘ओटला’ दोन ओळींत दोनदा आलाय. एक काढला तर वाक्य बरं बसतं, पण मग ती नेमकी कुठे उभी आहे ते कळत नाही. मी तूर्त दोन्ही ठेवलेत. प्रुफं आली तर तेव्हा बदलता येईल. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, लेकीला सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
जावक नोंदवहीवाली
बडोदे