रडारचा पडदा कोरा झाला, पण होडी कुठे गेली?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपून गोव्यातल्या मालीम, वास्को आणि कुटबण येथील ट्रॉलर समुद्रात उतरू लागले की पुढच्या पंधरवड्यात जेटीवर एक तक्रार हमखास ऐकू येते : रडार बिघडले, पडदाभर नुसते ठिपके येतात. मग दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते, तो दोन बटणे कानाला धरल्यासारखी शेवटपर्यंत पिळतो, पडदा काळाभोर होतो, पैसे चुकते होतात आणि मालक व तांडेल (बोटीवरचा प्रमुख) दोघेही निश्चिंत होतात. मी व्यापारी जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, नोकरी करून निवृत्त झालेला माणूस असून ओळखीच्या मालकांच्या बोटींवर अधूनमधून जात असतो. मला काळजी वाटते ती ठिपक्यांची नव्हे, या निश्चिंतीची.

ट्रॉलरवर जे रडार असते त्याची लहर साधारण ३ सेंटीमीटर लांबीची असते. ती बोटीवर आपटून परत येते तशीच लाटेच्या उभ्या अंगावरून आणि पावसाच्या थेंबांवरूनही परत येते. ऑगस्टच्या आरंभी पश्चिमेचा वारा अजून भरात असतो, समुद्र उसळलेला असतो आणि सरींमागून सरी येत असतात. अशा वेळी पडदा भरून आला नाही तरच नवल. किंबहुना यंत्राच्या आतला खरा बिघाड बहुधा उलट दिसतो. लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन जुना होऊन क्षीण झाला, की ठिपके वाढत नाहीत, कमी होतात. आधी दूरचा किनारा पुसट होतो, मग लाटांचे ठिपकेही दिसेनासे होतात, आणि मालक म्हणतो की यंदा रडार फार स्वच्छ चालते आहे. खवळलेल्या समुद्रात ज्या पडद्यावर लाटा दिसतात, त्या रडारचे पाठवणे आणि ऐकणे दोन्ही चालू आहे एवढी तरी खात्री असते.

त्या दोन बटणांपैकी सी-क्लटरचे, म्हणजे लाटांचे ठिपके कमी करण्यासाठी असलेले, बटण नेमके काय करते हे तांडेलांना कोणी समजावून सांगत नाही. ते लाट आणि होडी यांत निवड करत नाही. जवळच्या अंतरावरून येणाऱ्या प्रत्येक प्रतिध्वनीसाठी यंत्राचा कान मंद करते आणि अंतर वाढेल तसतसा तो पुन्हा तीक्ष्ण करत नेते. हे बटण शेवटपर्यंत पिळले की बोटीभोवतीचा दोन-तीन मैलांचा समुद्र पडद्यावर कोरा होतो, आणि आपल्याकडे लाकडी किंवा फायबरच्या लहान होड्या जाळी टाकून बसलेल्या असतात त्या याच पट्ट्यात. मोठ्या लोखंडी जहाजाचा प्रतिध्वनी एवढ्यानेही बुजत नाही. बुजतो तो होडीचा, कारण लाकूड आणि फायबर मुळातच लहर फारशी परतवत नाहीत.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सी-क्लटर आणि पावसाचे ठिपके कमी करणारा रेन-क्लटर दोन्ही शून्यावर आणावेत, रेंज (पडद्यावर किती अंतरापर्यंत दिसावे ते) १२ किंवा २४ मैलांची ठेवावी आणि मागच्या काळ्या भागात बारीक रवाळ कण जेमतेम दिसू लागतील इतपतच गेन (यंत्राच्या कानाची एकूण तीक्ष्णता) वाढवावा. मॅग्नेट्रॉन तापत असताना त्याची वारंवारता सरकत राहते, त्यामुळे सुरू केल्याबरोबर एकदा आणि चांगला तापल्यावर पुन्हा एकदा ट्यूनिंग, म्हणजे यंत्राचा कान त्या वारंवारतेशी जुळला आहे का ते, पाहावे. जे आपोआप ट्यून होते म्हणतात, तेही तपासलेले बरे. मग ३ मैलांच्या रेंजवर येऊन सी-क्लटर हळूहळू वाढवावा आणि वाऱ्याच्या बाजूला थोडे ठिपके शिल्लक असतानाच हात थांबवावा. ठिपके वाऱ्याच्या बाजूला जास्त असतात, कारण लाटेचे उभे अंग तिकडून आपल्यासमोर येते. आग्वादजवळच्या मांडवीच्या मुखातून बाहेर पडताना ते नेमके नाळेसमोर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, असतात. उरलेल्या ठिपक्यांत होडी कशी ओळखायची? अँटेना मिनिटाला २४ फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला अडीच सेकंद लागतात. दहा फेरे, म्हणजे फक्त २५ सेकंद, एकाच भागावर नजर रोखून पाहावे. लाटेचा ठिपका प्रत्येक फेऱ्याला जागा बदलतो. होडीचा मधले दोन-तीन फेरे गाळून का होईना, पुन्हा त्याच ठिकाणी उमटतो. ही २५ सेकंदांची सवय कोणत्याही महागड्या नव्या संचाबरोबर विकत मिळत नाही.

पावसाची सर कापसाच्या पुंजक्यासारखी, कडा विरलेली दिसते. रेन-क्लटर तिला विरळ करतो, पण त्याबरोबर लहान प्रतिध्वनीही बारीक होतात. सर गेल्यावर हे बटण पुन्हा खाली आणायचे असते आणि नेमके तेच राहून जाते. मोठी जहाजे अशा वेळी १० सेंटीमीटरच्या रडारकडे वळतात. त्याची लांबलचक अँटेना ट्रॉलरवर बसवणे परवडण्याजोगे नाही. त्यामुळे दाट सरीच्या आत किंवा तिच्या मागे काय आहे हे आपल्याला दिसत नाही असे धरून वेग कमी करणे एवढाच उपाय उरतो.

काही ठिपके मात्र ना लाटेचे असतात ना पावसाचे. दुसऱ्या बोटीचे रडार जवळ असेल तर तुटक ठिपक्यांच्या वक्र रेषा मध्यापासून बाहेर फिरत जातात. इंटरफिअरन्स रिजेक्शन (दुसऱ्या रडारच्या लहरी गाळणारी सोय) लावले की त्या जातात. मुरगावजवळून मोठ्या जहाजाला बगल देताना त्याच दिशेत सारख्या अंतरावर दोन-तीन जहाजे दिसली, तर पहिले खरे आणि बाकीची आपली बोट आणि ते जहाज यांच्यामध्ये आपटत राहिलेल्या लहरींची. मांडवीत शिरताना पूल आणि कॅसिनोची जहाजे यांच्या दोन्ही बाजूंना कमानी उमटतात, त्या आखूड अँटेनाच्या बाजूच्या लहरींमुळे. गेन किंचित उतरवला की कमान जाते, पूल राहतो. आपल्याच मास्टच्या (डोलकाठीच्या) आडोशाच्या दिशेत ठिपका दिसला तर दिशा थोडी बदलून पाहावी. दोन महिने बंद असलेल्या संचाच्या अँटेनावरचे मीठ आणि पक्ष्यांची घाण गोड्या पाण्याने पुसणे व केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का ते पाहणे हेही करावेच, पण वर चढण्याआधी रडार बंद करून.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांपैकी सहावा नियम सांगतो, की सुरक्षित वेग ठरवताना लहान बोटी रडारवर पुरेशा अंतरावरून दिसणार नाहीत ही शक्यता धरलीच पाहिजे. सातवा नियम अपुऱ्या रडार-माहितीवरून अनुमान काढू नका असे बजावतो. तरीही सगळा भार तांडेलावर टाकणे अन्यायाचे आहे. होडीवाल्यांनीही काठीवर धातूच्या काटकोनी पत्र्यांचा परावर्तक लावायला हवा, आणि तो टोकावर उभा न टांगता वरच्या खोबणीत पावसाचे पाणी साचेल असा टांगायला हवा. हे परावर्तक मत्स्योद्योग खात्याने सवलतीत दिले तर खर्च मोठा नाही.

खात्याला दुसरी विनंती प्रशिक्षणाची आहे. जेटीवर बांधलेल्या बोटीत गेन, ट्यूनिंग आणि, पाऊस असेल तर, रेन-क्लटर शिकवता येईल. सी-क्लटर नदीत शिकवता येत नाही, त्याला लाटच लागते. तेव्हा बंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यात तांडेलांच्या तुकड्या भर दिवसा आग्वादबाहेर न्याव्यात, एक होडी मैलभरावर उभी करावी आणि ती डोळ्यांना दिसत असताना पडद्यावर कोणत्या बटणाने नाहीशी होते हे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करून पाहू द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जहाज-अधिकारी,
बेती, बार्देश