रविवारी सकाळी साडेसहाला पूर बचावाचा सराव

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय. येत्या रविवारी नेहमीच्या घाटावर जमायचं आहे. कृष्णेला ओढ नसताना हात बसवून घेतलेला बरा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की शिकायला सवड मिळत नाही.

लाईफ जॅकेट आपापलं घरीच तपासून आणा. मागच्या वेळी तिघांच्या क्लिपा तुटलेल्या निघाल्या, एकात तर उंदरांनी संसार थाटला होता. घालून, खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकत असेल तर माप चुकलंय.

भर दोर फेकण्यावर आहे. पाच लिटरच्या कॅनमध्ये थोडं पाणी ठेवायचं (नाहीतर वाऱ्यावर भलतीकडे जातो), झाकण घट्ट लावून दोर बांधायचा आणि बुडणाऱ्याच्या अंगावर नाही, त्याच्या पलीकडे फेकायचा. पोहता येतं म्हणून उडी मारणं हा शेवटचा उपाय. बुडणारा माणूस गळ्यालाच मिठी मारतो.

बोटीत किती माणसं घ्यायची यावर वाद नको. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरात ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून लोक बुडाले, ते आपल्याला माहीत आहे. लोक रडतील, शिव्या देतील, तरी दुसरी फेरीच मारायची.

प्रत्यक्ष पुरात परस्पर निघायचं नाही. आधी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवायचं.

चहा-पोहे आहेत. येणार नसाल तर शनिवारी रात्रीपर्यंत सांगा, दरवेळी पोहे उरतात.