तिथी पाहून धावताना

महोदय,

आपल्या पुरवणीत हल्ली ‘समुद्रकिनारी मौन शिबीर’ छापाच्या जाहिराती वरचेवर दिसतात. त्याबद्दल तक्रार नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल जावं, आमच्याकडच्या खोल्याही भरतात. पण घर, मुलं, स्वयंपाक, गाडीची धावपळ हे सगळं ‘रोजच्या कटकटी’ म्हणून एका दमात बाजूला सारलेलं असतं, ते खटकतं. मी रत्नागिरीजवळ भाट्याला राहते. पन्नाशी उलटली आहे, नोकरी अजून चालू आहे, घरात सासूबाई आहेत आणि सकाळी मी किनाऱ्यावर धावते. मला जे काही थोडंफार उमगलं, ते या कटकटींतच.

धावण्याचंच घ्या. शहरातला माणूस गजर लावून साडेपाचला बाहेर पडतो. आम्हांला तिथी बघावी लागते. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओली, टणक वाळू उघडी पडते, तिच्यावरच नीट धावता येतं. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि उरते सुरूच्या बनाकडची भुसभुशीत वाळू. तिच्यात पाऊल रुततं, दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. आमच्याकडचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास. तिथून सहा तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण चालतो. म्हणजे पुनव-अवसेच्या सुमारास पहाटे अख्खा किनारा मोकळा, आणि अष्टमीला सहाला बघावं तर पाणी वर आलेलं.

फोनमधलं धावण्याचं ॲप सलग दिवस मोजतं. एक दिवस चुकला की पुन्हा शून्यावर. त्याला अष्टमी कळत नाही. सुरुवातीला माझा जीव त्या आकड्यात अडकायचा. आता अष्टमीला मी सरळ घरी बसून नारळ खवते. नेमाचाही अहंकार होतो, आणि तो इतका सोवळा असतो की पटकन ओळखू येत नाही. ‘धावणं हेच ध्यान’ वगैरे मला पटत नाही. धावताना मनात भाजी, पाण्याचं बिल, मुलीचा न आलेला फोन असंच काहीबाही चालू असतं. पण वेळ आपण ठरवायची नाही, मिळेल ती घ्यायची, एवढं मात्र अंगी मुरलं.

पाऊणपटीचा हिशोब सासूबाईंचा. त्या नव्वदीकडे झुकल्यात. आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पण तिथी सांगितली की भरतीची वेळ बिनचूक सांगतात. बाकी दिवसभर एकच प्रश्न, “थोरला आला काय गो?” दीर मुंबईला असतात. “नाही आई, गणपतीला येतील.” पहिल्या दोन-तीन वेळा माझा आवाज गोड असतो. पुढे शब्द तेच राहतात, सूर बदलतो. त्या शब्द विसरतात, सूर नाही. मग काही न बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसतात, सोडवतात, पुन्हा गुंडाळतात. माळ ओढायला मला कधी जड गेलं नाही. मण्यांना सूर कळत नाही ना!

पावस आमच्यापासून जवळच. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगलेले स्वामी स्वरूपानंद पुढे सुमारे चाळीस वर्षं, १९७४ मध्ये देह ठेवीपर्यंत, तिथे देसायांच्या घरी राहिले. ज्ञानेश्वरी अभंगांत आणणारा हा माणूस एका नांदत्या घरात राहत होता, हे आम्ही समाधीमंदिरात हात जोडताना विसरतो. त्या घरातही चूल पेटत असणार, पाहुणे येत असणार, पोरं रडत असणार. आणि कुणीतरी रोज वेळेवर दूध-जेवण खोलीपर्यंत पोहोचवलं असणार. ती साधना कुणाच्या खात्यात धरायची?

प्रवासाचंही थोडं सांगते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. रोहा ते वीर मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला, आमच्याकडे अजून एकेरीच. मुलीकडे जाताना मी ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनला जाणारी पॅसेंजर धरते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपला की उक्षी, आणि तिथे गाडी क्रॉसिंगला लागली की लागली. पावसाळी वेळापत्रकात तर विचारूच नका. फोन काढून चरफडणारे पहिली काही मिनिटं चरफडतात. मग कुणीतरी डबा उघडतं, घावणे आणि चटणी अनोळखी हातांत फिरते, खिडकीजवळची जागा एखाद्या लेकुरवाळीला मिळते. इतक्यात समोरून एक्सप्रेस धडधडत निघून जाते. तिच्यातल्यांना आम्ही उभे होतो याचा पत्ताही नसतो. एकेरी मार्गावर कुणीतरी बाजूला थांबल्याशिवाय दुसऱ्याची गाडी पुढे जात नाही. घरात बहुतेक वेळा बाजूला कोण थांबतं, ते मी लिहायला नको.

म्हणून सुचवावंसं वाटतं की अध्यात्माच्या सदरात महाराज आणि शिबिरं यांच्याबरोबर कधीतरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांनाही लिहितं करा. त्यांना वेळ मिळणार नाही, तेव्हा आपला वार्ताहरच त्यांच्या स्वयंपाकघरात पाठवा.

आणखी एक विनंती. राशिभविष्य रोज छापता, त्याच्याखाली जिल्ह्यापुरत्या भरती-ओहोटीच्या वेळाही छापा. दर मोसमात पाण्याचा अंदाज नसलेली माणसं बुडतात. काही जण ओल्या वाळूवर गाडी लावून मासे खायला जातात आणि हात धुऊन येईतो चाकं पाण्यात गेलेली असतात.

आपली,
एक वाचक, भाट्ये (रत्नागिरी)