सही वाढली, पाहणी थांबली

‘कारखान्यांत दुरुस्तीसाठी आता दोन सह्या’ ही बातमी वाचली. हेतू चांगला आहे, पण जळगावच्या औद्योगिक वसाहतीत वायरमन असताना मी उलटे पाहिले. दुसरी सही सक्तीची झाली आणि पाहणीच थांबली. फोरमनला वाटे वायरमनने पाहिले असेल, आम्हाला वाटे फोरमन पाहीलच. एकदा मेन स्विच चालू असतानाच मी पॅनेल उघडले. थोडक्यात वाचलो.

१९८८ साली उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेल प्लॅटफॉर्मवर एकाच पंपाच्या कामाचे दोन वेगळे परवाने होते. रात्रपाळीला एकच दिसला; पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे दुसऱ्या परवान्यावर होते. पंप सुरू केला, वायू गळून स्फोट झाला आणि १६७ जणांचा बळी गेला. सह्यांपेक्षा स्विचला कुलूप लावणे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहणे सक्तीचे करावे.

– एक निवृत्त वायरमन, भुसावळ