झेनोबियाचा पोशाख आणि तुझी आजी

प्रिय सुमे,
स. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. ह्यांचं बीपी गोळीवर आहे, माझा गुडघा कुरकुरतो, चालायचंच. पत्राचं कारण वेगळंच आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं काय त्यात?

मंडळात माझं भाषण ठेवलंय, युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या ऐतिहासिक वेशातल्या नृत्यसोहळ्यांवर. आपण नाटकाचा कपडेपट सांभाळायचो तेव्हापासूनचं माझं वेड, तुला नवीन नाही. तर डेव्हनशर हाउसमधल्या अशाच एका सोहळ्याचे फोटो बघत होते. 1897, व्हिक्टोरिया राणीचा हीरक महोत्सव, लंडनमध्ये सातशेच्या आसपास पाहुणे. अट अशी, की पोशाख 1815 च्या आधीच्या काळातला हवा. यजमानीण डचेस लुईसा झाली प्राचीन सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया. कपडे पॅरिसच्या वर्थ या फॅशनच्या पेढीकडचे. काय काम आहे गं! जरीचं कापड, त्यावर खडे जडवून काढलेली मोरपिसं, डोक्यावर मुकुट आणि शहामृगाच्या पिसांचा तुरा. बागेत तंबू ठोकून लाफायेत स्टुडिओनं पाहुण्यांचे फोटो काढले. मागे चक्क रंगवलेला पडदा, आपल्या नाटकासारखा!

आणि कंबर बघ. राणी तिसऱ्या शतकातली, कंबर मात्र 1897 ची, कॉर्सेटनं आवळलेली. 1842 साली खुद्द व्हिक्टोरियानं बकिंगहॅम पॅलेसमध्ये असाच सोहळा केला होता. ती चौदाव्या शतकातली राणी फिलिपा, तिचा नवरा अल्बर्ट झाला राजा तिसरा एडवर्ड. चित्रकार लँडसीअरनं दोघांचं चित्र काढलंय, त्यातही तिची कंबर 1842 चीच. प्रेक्षकांचा डोळा आजचा असतो, असं तू म्हणायचीस. मी चोळीला गाठच हवी म्हणून अडून बसले होते आणि तू पाठीला चेन लावून मोकळी झालीस. आता राणी तुझ्या बाजूची निघाली, तरी माझं मत तेच आहे. गाठच हवी होती.

तो 1842 चा सोहळा लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळावं म्हणून होता. तुला आवडेल हे, तुझं नेहमीचंच, की कापड खपलं तर विणकर जगतो. पण एका रात्रीच्या रेशमानं किती दिवस निघणार? पुढं तो धंदा बसलाच.

आता मुख्य गोष्ट. डेव्हनशर हाउसची तारीख 2 जुलै. त्याआधी 22 जूनला, गणेशखिंडीत त्याच हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. 3 जुलैला तो गेला. म्हणजे लंडनमध्ये झेनोबिया पाहुण्यांचं स्वागत करत होती, त्या रात्री इकडे पुण्यात तो मरणाच्या दारात होता. आणि त्याआधी प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरांत शिरत होते. मला एकदम तुझी आजी आठवली. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं, की सोजीर बूट घालून थेट देवघरात आले आणि घरातली बायकामाणसं रस्त्यावर उभी केली. आपण दोघी माजघरात बसून ऐकायचो, तू दर वेळी रडायचीस.

मंडळातल्या बाई म्हणतात, "छान कपडे दाखवा, प्लेग कशाला मध्येच?" मला ते पटत नाही, सुमे. तो पोशाख मला मनापासून आवडतो. ज्यांनी ती मोरपिसं टाचली, त्यांच्या हातांना मी नमस्कारच करेन. पण त्याच दिवसांतलं आपलं गाव मी झाकून ठेवायचं? महोत्सव एकाच राणीचा होता ना? चार रात्री डोक्यात हेच आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, दोन भाषणं कर! म्हटलं, चहा दोनदा मिळेल म्हणून ना?

मी ठरवलंय, झेनोबियाच्या फोटोनंतर तुझ्या आजीची गोष्ट सांगायची. पण ती तुमच्या घरातली आहे. तू नको म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही. दादालाही विचार, त्याला असलं चारचौघांत सांगितलेलं खपत नाही. नाव घेऊ की नको, तेही कळव.

बारशाचे फोटो बघितले, नात तुझ्यावर गेली आहे. गच्चीची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

भाषण पुढच्या शनिवारी आहे, त्याआधी फोन कर.

तुझी,
कुंदा