राखणीच्या जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याऐवजी नियम करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: ‘हिंस्र जातींचे कुत्रे पाळण्यास मनाई’ या प्रस्तावित ठरावाबाबत

महोदय,

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड ‘व तत्सम’ कुत्र्यांना मनाई करण्याचा ठराव आहे. पत्र लिहिणाऱ्या आम्हा दोघांपैकी एक पशुवैद्यक आहे आणि दुसऱ्याचा व्यवसाय कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचा आहे. ठरावाला आमचा विरोध आहे. मात्र ही कुत्री गरीब गाय असतात, असे आम्ही म्हणत नाही. लॅब्रेडॉरला जे चालून जाते ते यांना चालत नाही, आणि नेमके त्याबद्दल ठरावात एक अक्षर नाही.

आधी कायद्याचे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या आकारावरून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि मझलची (तोंडाला घालायच्या मुसक्याची) सक्तीही करता येत नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने तेवीस जातींवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले गेले म्हणून कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. त्या यादीतही रॉटवायलर होता, डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड नव्हते. ठरावातली यादी कुठून आली, हे सभेत विचारले जाईलच.

आता स्वभावाचे. रॉटवायलर हा मुळात जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, खाटकांची गुरे हाकणारा आणि गाडी ओढणारा कुत्रा. नर सुमारे ५० किलोचा. तो उगाच भुंकत नाही, उभा राहून बघत राहतो, आणि लोकांना हेच बघणे खुपते. लाडात आल्यावर घशातून घरघर काढण्याची सवय अनेक रॉटवायलरना असते. अनोळखी माणसाला ते गुरगुरणे वाटते. डॉबरमन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोल्डा गावच्या कार्ल डोबरमन या करवसुली करणाऱ्या माणसाने सोबतीला आणि संरक्षणाला तयार केला. तो चपळ, मालकाला चिकटून राहणारा आणि एकटे ठेवले की बिथरणारा. जर्मन शेफर्ड मेंढ्या वळणारा, त्यामुळे पळणाऱ्या पोरांच्या टाचांना तोंड लावण्याची त्याला खोड असते. आमच्या अनुभवात सोसायट्यांमधल्या जर्मन शेफर्डांचा खरा प्रश्न आक्रमकपणापेक्षा भित्रेपणाचा असतो, आणि भित्रा मोठा कुत्रा जास्त अवघड.

कॉकेशियन शेफर्ड किंवा कांगाल या मेंढ्यांचे कळप राखणाऱ्या मोठ्या जातींची गोष्ट वेगळी. कळपाजवळ एकटे राहून, मालकाच्या हुकमाची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणे हेच त्यांचे काम. अंगावर दुहेरी केस. असा कुत्रा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर एसीत ठेवणे आम्हाला मुळीच पटत नाही. आमच्याकडे कोणी सल्ला मागितला तर आम्ही सरळ नको सांगतो.

जात कळली म्हणजे कुत्रा कळला, असे मात्र नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या, अठरा हजारांवर कुत्र्यांच्या पाहणीत वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे आढळला. जातीने ठरते ते प्रामुख्याने वजन आणि जबडा, म्हणजे चूक झालीच तर इजा किती होईल ते. पॉमेरेनियन चावला तर लोक घरी हळद लावून विषय संपवतात, आणि तेही चूकच. रॉटवायलर चावला तर टाके पडतात आणि बातमी होते. या जातींची बदनामी बरीचशी इथून आलेली आहे.

दीड ते तीन वर्षांच्या वयात या कुत्र्यांचा राखणीचा स्वभाव उघड होतो. वर्षाचा होईपर्यंत सगळ्यांशी खेळणारे पिल्लू अचानक पॅसेजमध्ये कुरिअरवाल्यावर धावते, आणि घरचे म्हणतात, ‘असा नव्हता हो तो!’ त्याची मुळे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात असतात. त्या काळात हेल्मेट, रेनकोट, काठी टेकणारे आजोबा, ट्रॉली, ढोल हे सारे पिल्लाने शांतपणे पाहायला हवे. लसीकरण पुरे होईपर्यंत बाहेर काढू नका, हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. जमिनीवर सोडू नये, पण उचलून गेटपर्यंत रोज न्यावे.

आपल्या इमारतीत घोळ होतो तो तीन ठिकाणी.

पहिले, सेफ्टी डोअर. कुत्रा जाळीमागे बसून पॅसेजवर पहारा देतो. डिलिव्हरीवाला येतो, कुत्रा भुंकतो, माणूस पार्सल देऊन जातो. कुत्र्याच्या लेखी त्याने माणूस हाकलला. असे दिवसातून पाच-सहा वेळा झाले की काही महिन्यांत भुंकण्याचे धडक मारण्यात रूपांतर होते. ही दारे पॅसेजकडे उघडतात आणि कडी पुरती बसली नसेल तर चाळीस किलोच्या एका धक्क्यात उघडतात. म्हणून दाराच्या आत चार-पाच फुटांवर दुसरे फाटक हवे. लहान मुलांसाठी मिळते ते अडीच फुटी फाटक डॉबरमन सहज ओलांडतो. किमान चार फुटांचे, भिंतीत स्क्रूने बसवलेले घ्यावे. सेफ्टी डोअरच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून अपारदर्शक शीट लावावी. कुत्र्याला पॅसेज दिसत नाही आणि पोरांची बोटे आत जात नाहीत.

दुसरे, लिफ्ट. कुत्रा कोपऱ्यात, मालक कुत्रा आणि दार यांच्या मध्ये, दोरी आखूड पण सैल. ताणलेली दोरी कुत्र्याला ‘समोर काहीतरी आहे’ असे सांगते. लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर पुढची घ्यावी. आपोआप लांब होणारी दोरी कॉमन जागेत नकोच. पाच फुटांची साधी पट्टी, एक टोक गळपट्ट्याला आणि दुसरे हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), म्हणजे एक हुक निसटला तरी कुत्रा हातात राहतो.

तिसरे, प्रशिक्षणाच्या नावाखाली चालणारे उद्योग. ‘कुत्रा कडक करून देतो’ म्हणणारे लोक त्याला अंधारात बांधतात, पोत्याने डिवचतात, काटेरी पट्टा ओढतात. त्यातून राखणदार घडत नाही, घाबरून चावणारा कुत्रा घडतो. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. खरी सूचना गुरगुरण्याच्याही आधी मिळते: हलते तोंड एकदम मिटते, अंग ताठ होते, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो. तिथेच त्याला वळवून दूर न्यायचे. दिवसभर साखळीला बांधून ठेवणेही त्यातलेच, आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मझलची सक्ती करता येत नसली तरी या आकाराच्या कुत्र्याला त्याची सवय असावी, असा आग्रह आम्ही मालकांकडे धरू. पिंजऱ्यासारखे जाळीचे घ्यावे, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळणारे कापडी मझल मे महिन्यात फिरताना घातले तर उष्माघात होऊ शकतो, कारण कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. सवय लावायला आत थोडे दही लावून कुत्र्याला स्वतः तोंड घालू द्यावे, पट्टा आठवडाभराने लावावा.

कुत्रा न पाळणाऱ्यांसाठी थोडे. वॉचमननी काठी आपटू नये. मुलांनी कुत्र्याजवळून पळू नये, त्याला मिठी मारू नये; मोठ्यांनी डोळ्याला डोळा भिडवू नये, बाजूने निघून जावे.

चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. दंडात घ्यायच्या रेबीजच्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस असे आहे, आणि रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. कुत्र्याची लस झालेली असली तरी दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. निष्काळजी मालकासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरी ठराव मागे घेऊन त्याऐवजी पुढील गोष्टी सभेपुढे ठेवाव्यात ही विनंती: महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीच्या नोंदीची प्रत दरवर्षी कार्यालयात, कॉमन जागेत कुत्रा कायम दोरीला, आणि दोरी पेलणाऱ्या प्रौढ माणसाच्या हातात, मोठ्या कुत्र्याच्या घरात दुसरे फाटक, आणि अंगावर धावण्याच्या प्रत्येक घटनेची तारीख-वेळेसह नोंद, मग कुत्रा पग असो की रॉटवायलर. एकाच कुत्र्याच्या दोन नोंदी झाल्या की मालकाने पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. कंबर, कान किंवा दात दुखत असल्याने चिडका झालेला कुत्रा आम्ही नेहमी पाहतो.

कळावे,

आपले विश्वासू,
दोन सभासद, बी विंग

ता. क. दिवाळीत संध्याकाळी सहाच्या आत कुत्रे फिरवून घ्यावे अशी सूचना फलकावर लावता आली तर बरे. फटाक्यांना घाबरून पट्ट्यातून निसटणारी कुत्री त्या चार दिवसांत फार असतात.