नकाशाची घरं ग्रीडवर बसत नाहीत: सदोष नकाशासंचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,

विषय: ऑनलाइन टेबलटॉप खेळासाठी घेतलेल्या नकाशाची जाहिरातीतली मापं आणि प्रत्यक्ष मापं जुळत नसल्याबाबत, दुरुस्त फाइल किंवा पूर्ण परतावा मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

टेबलटॉप खेळात चौकटींच्या नकाशावर पात्रं हलवत गोष्ट खेळतात. त्यासाठी आपल्या संकेतस्थळावरून मी सह्याद्रीतल्या गडांचा नकाशासंच 1,499 रुपयांना विकत घेतला. पावती सोबत जोडली आहे. विक्रीच्या पानावर राजगडाच्या संजीवनी माचीच्या नकाशाखाली स्पष्ट लिहिलं होतं की नकाशा 40 बाय 30 घरांचा आहे, प्रत्येक घर 140 पिक्सेलचं आहे आणि रोल20 व फाउंड्री या ऑनलाइन खेळाच्या दोन्ही सॉफ्टवेअरवर तो थेट चालेल. हे माप खरं नाही. हा नकाशा सॉफ्टवेअरच्या कुठल्याही सेटिंगनं ग्रीडवर, म्हणजे ते आखतं त्या चौकटींच्या जाळीवर, बसत नाही. आपल्या मदत विभागाला हे कळवलं, तर "आपल्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग तपासून पाहा" एवढंच पहिलं उत्तर आलं, दुसऱ्या उत्तरात परतावा नाकारला आणि तक्रार बंद झाली. म्हणून आता थेट आपल्याला लिहिते आहे, आणि वादाला जागा राहू नये म्हणून मोजमापासकट लिहिते आहे.

फाइल 5600 बाय 4200 पिक्सेलची आहे. 140 नं भागलं की 40 आणि 30 येतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळं बरोबरच वाटेल. पण चित्राच्या चारही बाजूंनी नक्षीची पट्टी आहे आणि ती प्रत्येक बाजूला 56 पिक्सेल खाते. घरं आखलेला भाग त्यामुळे 5488 बाय 4088 एवढाच उरतो. त्यातच 40 बाय 30 घरं कोंबलेली आहेत. म्हणजे घराची उंची भरते 136.27 पिक्सेल आणि रुंदी सरासरी 137.2. जाहिरातीतलं 140 कुठेच नाही, आणि घर चौरसही नाही.

एवढंच असतं तरी मी निभावून नेलं असतं. नक्षीची पट्टी असेल तर ग्रीड तेवढं सरकवता येतं, आणि चित्र आडवं-उभं वेगवेगळं ताणताही येतं. खरा दोष पुढे आहे. नकाशा बहुधा दोन भागांत काढून मधोमध जोडलेला आहे. डावीकडची 20 घरं 2720 पिक्सेलमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येकी 136. उजवीकडच्या 20 घरांनी 2768 पिक्सेल घेतले आहेत, म्हणजे प्रत्येकी 138.4. ग्रीड डाव्या भागाला तंतोतंत जुळवलं की विसाव्या घरापर्यंत सगळं चोख दिसतं. तिथून पुढे प्रत्येक घरामागे 2.4 पिक्सेलची तूट साठत जाते आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत ती 48 पिक्सेल होते. हा घराच्या एक तृतीयांशाहून जास्त फरक झाला. फरशी बसवताना पहिल्या ओळीत सूतभर चूक राहिली, की समोरच्या भिंतीपाशी ती बोटभर होऊन उठते, तसंच हे.

फाउंड्रीत घराचा आकार पूर्ण पिक्सेलमध्येच भरावा लागतो. 136 भरले तर उजवा भाग बिघडतो, 138 भरले तर डावा, आणि 137 भरले तर दोन्ही. रोल20 मध्ये 'अलाइन टू ग्रिड' निवडून चित्रावर 3 बाय 3 घरांचा चौकोन आखायचा असतो, आणि त्यावरून सॉफ्टवेअर अख्खं चित्र लहान-मोठं करतं. तो चौकोन डावीकडे आखला तर एक उत्तर येतं, उजवीकडे आखला तर दुसरं. कारण दोन्ही सॉफ्टवेअर सगळ्या चित्राला एकच माप लावतात, आणि या चित्रात मापं दोन आहेत. आपल्या प्रतिनिधींनी सुचवलेली सेटिंग म्हणूनच अस्तित्वातच नाही. ती मला सापडली नाही, असा हा प्रकार नव्हे.

हा दोष नेमका या नकाशात असावा याचं मला जास्त वाईट वाटलं. संजीवनी माचीचं वैशिष्ट्यच तिची दुहेरी, चिलखती तटबंदी आहे. दोन तटांच्या मधून चिंचोळी वाट जाते. आपल्या चित्रकारानं ती फार सुंदर काढली आहे. काळा कातळ, चिऱ्यांच्या फटींतलं शेवाळ, तटाची पडलेली सावली, सगळं मन लावून केलेलं आहे. चित्राबद्दल माझी तक्रार नाहीच. पण ही वाट नकाशात बरोब्बर एक घर रुंद आहे, आणि एक घर म्हणजे 5 फूट. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलटॉप खेळात साधारण पात्र एका फेरीत 30 फूट, म्हणजे 6 घरं चालतं. या वाटेत एकामागून एकच माणूस जाऊ शकतो, हीच तिथल्या लढाईची गंमत. आमच्या खेळात मावळ्यांची तुकडी रात्री या वाटेनं बुरुजाकडे सरकत होती. डावीकडून निघाले तेव्हा टोकनं, म्हणजे पात्रांच्या सोंगट्या, वाटेच्या मधोमध होती. मधला जोड ओलांडल्यावर ती हळूहळू तटाला घासू लागली आणि बुरुजाजवळ पोचेपर्यंत प्रत्येक टोकन अर्धवट दगडात शिरलेलं दिसू लागलं. शत्रूचा पहारेकरी वाटेत उभा आहे की तटावर, हे चित्रावरून सांगता येईना. टप्प्यात कोण येतं, आडोसा कुणाला मिळतो, हे सगळे निर्णय घरावरून होतात. पुण्यातले, नाशिकचे आणि एक डब्लिनला राहणारे असे आम्ही सगळे वेळ जुळवून एकत्र बसलो होतो. शेवटी मला रंगात आलेली लढाई थांबवावी लागली.

भिंतींच्या फाइलनं यात भरच घातली. संचाबरोबर आपण युनिव्हर्सल व्हीटीटी प्रकारची फाइल देता. तिच्यात भिंती, दरवाजे आणि मशालींच्या जागा आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे पात्राला भिंतीपलीकडचं दिसत नाही. ही फाइल साध्या मजकूर संपादकात उघडते. त्यात एका घराला 140 पिक्सेल आणि नकाशाचा आकार 40 बाय 30 असं नोंदवलेलं आहे. भिंतींचे बिंदू पिक्सेलमध्ये नसतात, घरांच्या हिशेबात असतात. म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूला 140 नं गुणून भिंत उभी करतं, आणि चित्रातला तट मात्र नक्षीच्या पट्टीमुळे भलत्याच जागी असतो. परिणामी डाव्या कडेला भिंत तटाच्या बाहेर पडते आणि उजव्या कडेला बुरुजातला दरवाजा बुरुजाच्या दगडात उघडतो. मशाल वाटेत असूनही उजेड वाटेत येत नाही. या भिंती पुसून मला सगळ्या हातानं पुन्हा काढाव्या लागल्या. ज्या कामासाठी मी पैसे मोजले, ते हेच होतं.

आणखी एक. घरांच्या रेषा चित्रातच गडद रंगात छापलेल्या आहेत आणि बिनरेषांची प्रत संचात नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या रेषा आणि छापील रेषा अशा दोन-दोन जाळ्या एकमेकींशेजारी दिसतात आणि थोड्या वेळात डोळे दुखायला लागतात. बिनरेषांची प्रत असती, तर निदान हा फरक डोळ्यांवर तरी आला नसता.

चित्र गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन, मधोमध कापून, उजवा भाग आवळून पुन्हा जोडणं शक्य आहे. खेळ चालू ठेवायचा म्हणून मी ते केलं. त्यात रेषा पुसट झाल्या आणि उजवीकडचे चिरे धुरकट दिसू लागले. हे काम ग्राहकानं करायचं नसतं. मूळ फाइल आपल्या चित्रकाराकडे आहे. तिथून योग्य मापानं पुन्हा निर्यात केली तर चित्राचा दर्जा तसूभर कमी होणार नाही.

आपल्याला हे जमतं, याचा पुरावा याच संचात आहे. रायगडाच्या महादरवाज्याचा नकाशा 4200 बाय 2800 पिक्सेलचा, 30 बाय 20 घरांचा आहे आणि त्यात प्रत्येक घर खरोखर 140 पिक्सेलचं आहे. तो मी चढवला आणि पहिल्या फटक्यात बसला. दोन बुरुजांमधला दरवाजा बरोबर घराच्या रेषेवर आला, भिंतीही जागच्या जागी. म्हणून संजीवनी माचीच्या बाबतीत "सेटिंग तपासून पाहा" हे उत्तर मी स्वीकारू शकत नाही. त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच सेटिंगनं, आपलाच दुसरा नकाशा चालतो.

आपल्या दुसऱ्या उत्तरात "डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही" असं म्हटलं आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर परतावा नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलेलं आहे. तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची, हेही त्याच नियमांत आहे.

माझी मागणी अशी आहे. संजीवनी माचीचा नकाशा नक्षीच्या पट्टीशिवाय, प्रत्येक घर सगळीकडे 140 पिक्सेल या मापानं पुन्हा निर्यात करून द्यावा. सोबत बिनरेषांची प्रत आणि त्या मापाशी जुळणारी भिंतींची फाइल असावी. ज्यांनी हा संच आधी घेतला आहे, त्या सगळ्यांना दुरुस्त फाइल आपणहून पाठवावी. त्यांतले कितीतरी जण आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून हात चोळत बसले असतील. दुरुस्ती होईपर्यंत विक्रीच्या पानावरून 140 पिक्सेलचा दावा काढावा. हे एका महिन्यात होणार नसेल, तर संचाची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. यातलं काहीच झालं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवणार आहे.

मोजणीची पडद्याची चित्रं, डाव्या आणि उजव्या भागातल्या घरांची मापं दाखवणारी, पत्रासोबत पाठवते आहे. आपल्या चित्रकारांना किंवा तांत्रिक विभागाला अजून काही पाहायचं असेल, तर शनिवार-रविवारी स्क्रीन दाखवून समजावून सांगायची माझी तयारी आहे. संपर्काचा तपशील पावतीवर आहे.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, मदत विभागाशी झालेला पत्रव्यवहार, मोजमापाची पडद्याची चित्रं